आजाऱ्याची सेवा, बुद्ध आणि घरातली चिडचिड

कुंदकळी

सासूबाईंना पक्षाघात झाला तो मागच्या पावसाळ्यात. उजवी बाजू गेली. बोलणंही गेलं, म्हणजे शब्द येतात पण भलतेच येतात. पाणी हवं असलं की "चष्मा" म्हणतात आणि चष्मा पुढे केला की रागाने तोंड फिरवतात. दिवसा नर्सिंग ब्यूरोची मावशी असते, रात्र माझी. नवरा फिरतीच्या नोकरीत. दीर-जाऊ पुण्यात, फोनवर चौकशी नेमाने.

धागा रडगाण्यासाठी काढलेला नाही. भेटायला येणारे जे बोलून जातात त्यावरून सुचला. काही जण म्हणतात, "केवढं पुण्य पदरात पाडून घेतेस!" काही जण खुर्ची जवळ ओढून हळू आवाजात, "मागच्या जन्मीचे भोग गं, भोगूनच संपायचे." आणि मोबाइलवर रोज सकाळी कमळातला बुद्ध येतो, खाली 'शांत राहा'. हे शेवटचं मला सगळ्यात जास्त लागतं. कॉलेजात पाली घेतली होती, आणि हा माणूस इतकं गुळमुळीत बोलत नसे एवढं पक्कं आठवत होतं. म्हणून विनयपिटक, म्हणजे भिक्खूंच्या नियमांचा पाली ग्रंथ, पुन्हा उघडलं.

त्यातल्या महावग्ग या भागात चीवरांच्या, म्हणजे भिक्खूंच्या वस्त्रांच्या, प्रकरणात एक गोष्ट आहे. एका भिक्खूला पोटाचा विकार झालेला, आपल्याच मलमूत्रात पडलेला. बुद्ध आणि त्यांचा शिष्य आनंद विहारातल्या खोल्या बघत बघत तिथे येतात. बुद्ध विचारतात, "तुझ्याजवळ कोणी नाही का?" "नाही." "का नाही?" त्यावर तो म्हणतो, मी भिक्खूंच्या काही उपयोगाचा नाही, म्हणून ते माझं करत नाहीत. मग प्रवचन नाही. बुद्ध आनंदाला पाणी आणायला पाठवतात. बुद्ध पाणी ओततात, आनंद धुतो. एकाने डोकं धरलं, एकाने पाय, आणि उचलून मंचावर ठेवलं. त्यानंतर भिक्खूंची सभा, आणि तिथे ते प्रसिद्ध वाक्य: ज्याला माझी सेवा करायची आहे त्याने आजाऱ्याची सेवा करावी.

पुढचा भाग कोणी सांगत नाही. शुश्रूषा करायला नालायक कोण, याची पाच लक्षणं दिली आहेत. ज्याला औषध तयार करता येत नाही. ज्याला पथ्य-अपथ्य कळत नाही, नको ते आणून देतो आणि हवं ते काढून नेतो. जो मैत्रीने नाही तर काही मिळेल म्हणून करतो. ज्याला मल, मूत्र, थुंकी, ओकारी काढायची किळस येते. आणि ज्याला आजाऱ्याशी वेळोवेळी धम्माचे दोन शब्द बोलून त्याचं मन उल्हसित करता येत नाही.

पहिल्या चारांत मी बसत नाही, हे छातीठोक सांगते. अडते पाचव्यावर. रात्री दहानंतर माझ्या तोंडून गोड शब्द निघत नाही. हात सगळं करतात, मन जागेवर नसतं. तुमच्यापैकी जे धम्म वाचतात, पाळतात, साधना करतात, त्यांना विचारायचं आहे: करुणा आटते तेव्हा तुम्ही नेमकं काय करता?

जरा_शंका_आहे

प्रामाणिक प्रश्न, चिडू नका. ज्याने बायको-मूल झोपेत सोडून घर सोडलं त्याच्याकडून घरातल्या सेवेबद्दल का शिकायचं? ज्या धर्मानंद कोसंबींनी बुद्ध मराठीत आणला तेही गोव्यातून बायको आणि तान्ही मुलगी मागे ठेवूनच निघाले होते. मागे राहिलेल्यांनी काय केलं ते कोणत्या पिटकात आहे?

तळटीप

शंका रास्त आहे आणि तिचं उत्तर त्याच गोष्टीत आहे. त्या सभेत बुद्ध म्हणतात: भिक्खूंनो, इथे तुम्हाला आई नाही, बाप नाही, तुम्हीच एकमेकांचं केलं नाहीत तर कोण करणार? घर सोडलेल्या माणसांचं आजारपण ही त्यांची खरीखुरी अडचण होती, म्हणून त्यांना नियम करावा लागला. घरात तो नियम नसतो. घरात 'सून आहे की' असतं.

नियम असा: आजारी भिक्खूचा उपाध्याय, म्हणजे दीक्षा देणारा गुरू, असेल तर त्याने करावं, जन्मभर करावं लागलं तरी, तो बरा होईपर्यंत. तो नसेल तर आचार्याने, नाहीतर शिष्याने, नाहीतर बरोबर राहणाऱ्याने. कोणीच नसेल तर संघाने. न केल्यास दोष लागतो. कुंदकळी, यात 'ज्याच्या मनात करुणा दाटून येईल त्याने करावं' असं कुठेही नाही. करुणा आली नाही म्हणून सुटका नाही, आणि एकाच्याच गळ्यात कायमचं टाकून बाकीचे मोकळे, असंही नाही.

अवांतर: त्याच प्रकरणात पुढे, भिक्खू वारला तर त्याचं पात्र आणि चीवर ज्यांनी शुश्रूषा केली त्यांना द्यावं, कारण शुश्रूषा करणाऱ्यांचे उपकार मोठे असतात, असंही आहे.

जरा_शंका_आहे

हा वारसा कायदा आमच्या आळीत लागू केला तर निम्म्या घरांत फौजदारी होईल. :D

शंका अर्धी मागे घेतली.

सिस्टर_नाइट_ड्यूटी

मी धम्मातली नाही, वॉर्डातली आहे. आधी कामाचं बोलते.

पक्षाघाताच्या पेशंटला दर दोन तासांनी कूस बदलायची. माकडहाड, टाचा, घोटे, खुबा इथली कातडी रोज उजेडात बघायची. लाल डाग दिसला तर बोटाने दाबा. दाबल्यावर पांढरा पडून परत लाल झाला तर अजून वेळ आहे. लालच राहिला तर बेडसोरची सुरुवात, त्या बाजूवर वजन द्यायचं नाही आणि डॉक्टरांना सांगायचं. भरवताना पाठ सरळ, आडवं पाडून एक चमचाही नाही, भरवून झाल्यावरही अर्धा तास बसलेलंच ठेवा. पातळ पाण्याने ठसका लागत असेल तर अंगावर काढू नका, गिळणं तपासून घ्या.

आता तुमच्या प्रश्नाबद्दल. वॉर्डात चाळीस खाटा असतात, चाळिसांबद्दल पोटात कालवाकालव होत राहिली तर ड्यूटी होणारच नाही. आम्ही बघतो. टाचेकडे बघायचं असेल तर टाचेकडेच बघायचं, घरची भाजी आणायची राहिली आहे हे नंतर. ज्या सिस्टर फार कळवळतात त्या सहा महिन्यांत बदली मागतात हे मी पाहिलंय.

तळटीप

सिस्टर, तुम्ही जे सांगितलंत ते पाचव्या शतकात बुद्धघोषाने विसुद्धिमग्ग या साधनेवरच्या ग्रंथात मांडलंय. करुणेचे दोन शत्रू. दूरचा शत्रू क्रौर्य, तो सगळ्यांना ओळखता येतो. जवळचा शत्रू शोक, तो करुणेच्याच वेषात येतो. आजाऱ्याचं दुःख बघून आपणच खचलो तर वाटतं केवढे कनवाळू आपण, प्रत्यक्षात खाटेवर एकाऐवजी दोन आजारी. उपेक्षेचाही (पालीत उपेक्षा म्हणजे मनाचा समतोल) असाच जवळचा शत्रू आहे: अजाणतेपणातून आलेली बेफिकिरी. ती बाहेरून समतोलासारखीच दिसते.

मु_पो_इगतपुरी

थोडा साधनेच्या बाजूने लिहितो. विपश्यना शिकवणारे गोएंका गुरुजी ब्रह्मदेशातून १९६९ साली भारतात आले, १९७६ पासून इगतपुरीला धम्मगिरी आहे. मी तिथला जुना साधक. दहा दिवस मौन, आधी तीन दिवस फक्त श्वास बघणं, चौथ्या दिवसापासून अंगावरच्या संवेदना, शेवटी मैत्री, म्हणजे सगळ्यांबद्दल सद्भावना. फी नाही. लोकांना वाटतं तिथून माणूस शांत होऊन येतो. तसं काही नसतं. फक्त राग येताना लवकर दिसतो. माझ्या बाबतीत तो आधी जबड्यात येतो, मग कानाच्या पाळ्या तापतात, शब्द त्यानंतर. जबड्यातच दिसला तर शब्द वाचतात. कधी कधी.

कुंदकळीताई, एखादं शिबिर करून बघा असं सुचवेन.

जरा_शंका_आहे

आणि त्या दहा दिवसांत सासूबाईंना कोण बघणार? धम्मगिरीवाले?

मु_पो_इगतपुरी

बरोबर आहे, आत्ता शक्य नाही. पण ज्या सतिपट्ठान सुत्तावर, म्हणजे बुद्धाच्या प्रवचनावर, ही साधना उभी आहे त्यात आसन घालून बसणं हा एक भाग आहे. बाकी यादी बघा: जाता-येताना, बघताना, हातपाय दुमडताना-पसरताना, खाताना-चावताना, आणि चक्क शौचाला-लघवीला बसल्यावर, पूर्ण जाणतेपणाने. म्हणजे बेडपॅन सरकवणं, चादर ओढणं, डायपरची पट्टी सोडवणं यादीबाहेरचं नाही. रात्री उठाल तेव्हा पाय जमिनीला टेकल्यावर फरशी गार लागते, ती कळू द्या आणि मग चाला. एवढंच करून बघा. 'मन शांत झालं का' हे तपासू नका.

इंदोरा_नागपूर

जयभीम सर्वांना.

आमच्या घरात धम्म ध्यानाच्या गादीवरून नाही आला, १४ ऑक्टोबर १९५६ ला आजा दीक्षाभूमीवर उभा होता तिथून आला. त्यामुळे माझं बोलणं थोडं वेगळं लागंल.

पहिली गोष्ट, ते 'मागच्या जन्मीचे भोग' म्हणणारे. त्यांना चहा देऊ नका. या एका वाक्यावर आमच्या कितीक पिढ्या गावाबाहेर ठेवल्या. बाबासाहेबांनी स्पष्ट लिहून ठेवलं आहे की मागच्या जन्माचं कर्म या जन्माच्या दुःखाला चिकटवणं ही बुद्धाची शिकवण असू शकत नाही, त्यात माणूस दुसऱ्याच्या दुःखाची जबाबदारीच झटकून टाकतो. खाटेवर पडलेल्या बाईला तिच्याच घरात बसून असं ऐकवायचं म्हणजे हद्द झाली. तिला बोलता येत नाही, ऐकू तर येतं ना?

दुसरी. दीक्षेच्या वेळच्या बावीस प्रतिज्ञांमधली तेरावी, प्राणिमात्रांवर दया करीन आणि त्यांचं लालनपालन करीन. आमच्याकडे दयेसोबत पालन आलं, म्हणजे काम आलं. वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, विहारात बाबासाहेबांच्या 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' ग्रंथाचं वाचन होते तेव्हा एक भाग दरवर्षी येतो: करुणा पुरत नाही, मैत्री पाहिजे. करुणेत मी वर उभा आहे आणि तू खाली पडला आहे असं राहून जाऊ शकते. मैत्रीत नाही चालत ते.

तळटीप

भोगाच्या मुद्द्यावर मूळ आधारच देतो. संयुत्तनिकाय या सुत्तांच्या संग्रहात मोळिय सीवक नावाचा परिव्राजक, म्हणजे फिरता संन्यासी, विचारतो: माणसाला जे सुखदुःख होतं ते सगळं पूर्वकर्मामुळेच, असं काही लोक म्हणतात, तुमचं काय मत? बुद्ध कारणं मोजतात. पित्त, कफ, वात, तिन्हींचा बिघाड, ऋतूतला बदल, शरीराची हेळसांड, बाहेरून झालेला आघात, आणि आठवं कर्मविपाक, म्हणजे कर्माचं फळ. सगळं पूर्वकर्मामुळे म्हणणारे स्वतःला जे कळू शकतं त्याच्या आणि जगाला जे खरं म्हणून माहीत आहे त्याच्याही पलीकडे जातात, ते चुकतात, असं साफ सांगतात. आठवं कारण यादीत आहे, हे इंदोरांना आवडणार नाही. पण बाकीची सात आधी आहेत, आणि त्यातली बहुतेक वैद्याकडे न्यायची आहेत.

इंदोरा_नागपूर

आठव्यावर वेगळा धागा काढू, तिथे भांडू.

कुंदकळी

ऐकू येतं, बरोबर. त्या दिवसापासून 'भोग' म्हणणाऱ्यांना बाहेरच्या खोलीतच बसवते.

पण एक सांगा, सगळे म्हणतात "किती शांत सून आहे". ते ऐकलं की आतून काहीतरी खदखदतं. मी शांत नाही, मला फक्त आवाज चढवायला वेळ नसतो.

तळटीप

तुम्हाला वेदेहिका भेटायला हवी. मज्झिमनिकायात ककचूपम सुत्तात आहे ती. श्रावस्तीची घरमालकीण, 'किती सोशिक, किती नम्र' म्हणून गावभर नाव. तिची दासी काली कामात चोख. कालीच्या मनात आलं, बाईसाहेबांना राग नाहीच, की माझं काम चोख म्हणून तो दिसत नाही? एक दिवस ती मुद्दाम उशिरा उठली. बाई कुरकुरली. दुसऱ्या दिवशी आणखी उशिरा, बाई ओरडली. तिसऱ्या दिवशी वेदेहिकेने दाराची खीळ उचलून तिच्या डोक्यात घातली. काली रक्ताळलेल्या डोक्याने शेजाऱ्यांकडे गेली, "बघा तुमच्या सोशिक बाईचं काम."

बुद्ध ही गोष्ट भिक्खूंना सांगतात: मनासारखं चाललंय तोवर सगळेच सोशिक.

इंदोरा_नागपूर

लोक ही गोष्ट 'राग आवरा' म्हणून सांगतात. मी तिला उलटं वाचतो. वेदेहिकेचा शांतपणा कालीच्या घामावर उभा होता. आता पुण्याचे तुमचे दीर फोनवर किती शांत बोलत असतील, विचार करा. त्यांचा शांतपणा कोणाच्या जागरणावर उभा आहे?

आणि मावशीला विसरू नका. सिगालोवाद सुत्तात मालकाची पाच कामं सांगितली आहेत: ताकद बघून काम, जेवण आणि वेतन, आजारपणात शुश्रूषा, काही चांगलंचुंगलं झालं तर वाटा, आणि वेळेवर सुट्टी. अडीच हजार वर्षांपूर्वीचं आहे. आपल्या किती घरांत मावशीला आठवड्याची सुट्टी आहे?

सिस्टर_नाइट_ड्यूटी

+१००. ब्यूरोच्या बायका बारा तास उभ्या असतात आणि डबा खायला त्यांना जागा नसते. पेशंटच्या खाटेच्या कडेला बसून खातात.

कुंदकळी

आमच्या मावशी स्वयंपाकघरातल्या टेबलावर जेवतात. रविवारी सुट्टी असते. तो रविवारही माझाच असतो, हे आत्ता लिहिताना डोळ्यांसमोर आलं.

वाचनमात्र

बरीच वर्षं नुसती वाचते, आज लिहिते. माझे मिस्टर अंथरुणाला खिळले होते तेव्हा एका ओळखीच्या बाईंनी मला नकुलमातेची गोष्ट सांगितली होती. तळटीप, चुकलं तर दुरुस्त करा. नवरा मरणाच्या दारात आहे. ती रडत नाही, धीर धरा असंही म्हणत नाही. ती म्हणते, चिंता मनात ठेवून मरू नका, त्याने त्रास होतो. तुम्हाला वाटत असेल मागे पोरांचं कसं होईल, तर मला सूत कातता येतं, लोकर विंचरता येते, मी पोरं वाढवीन, घर चालवीन. अशी त्याची एकेक काळजी घेऊन एकेक उत्तर देते. आणि तो बरा होतो.

माझ्या घरी तसं झालं नाही, ते गेले. पण पहिल्या पोस्टमधल्या पाचव्या लक्षणाबद्दल एवढंच सांगते. मला धम्म, गीता काहीच बोलता येत नव्हतं. मी त्यांना सोसायटीचं बिल भरलं, एलआयसीचा हप्ता गेला, मुलाचा निकाल कधी आहे, एवढंच सांगायची. त्यांची मान हलायची.

तळटीप

दुरुस्ती काही नाही. अंगुत्तरनिकायात अशीच आहे. पुढे बुद्ध त्या नवऱ्याला सांगतात, अशी बायको मिळाली हे तुझं भाग्य. 'माझ्याशिवाय यांचं कसं होणार' ही आजाऱ्याची भीती अंगदुखीइतकीच खरी असते, आणि ती फक्त घरच्याच माणसाला माहीत असते. नर्सला नाही, भंतेंनाही नाही.

कुंदकळी

वाचनमात्र, तुमची पोस्ट वाचल्यापासून रोज रात्री कूस बदलली की सासूबाईंना घरचा हिशोब सांगते. दूध एक लिटर आलं, इस्त्रीवाल्याचे दिले, गॅस नोंदवला, तुमच्या पेन्शनचा हयातीचा दाखला करून घेतला, कपाटाची किल्ली तुमच्याच उशाखाली आहे. किल्लीचं सांगितलं की डावा हात उशीखाली जातो, चाचपतात आणि मग डोळे मिटतात. गोड बोलायला मला अजूनही जमत नाही, हे जमतं. एकदा त्या हिशोबाच्या मध्येच "इस्त्री, इस्त्री" म्हणाल्या. बराच वेळ शोधून कळलं, पंखा कमी करायचा होता.

इगतपुरीकर, फरशीचं करून बघितलं. पायांना गार लागतं खरं. राग जात नाही, पण खोलीत शिरायच्या आधी कळतं की तो बरोबर आलाय.

तळटीप

जाता जाता बुद्धाने सांगितलेली एक गोष्ट, कारण ती याच्याशी जुळते. बांबूवर कसरत करणारा गुरू आणि त्याच्या खांद्यावर उभी राहणारी शिष्या मेदकथालिका. गुरू म्हणतो, तू मला सांभाळ, मी तुला सांभाळतो. ती म्हणते, असं नाही जमायचं. तुम्ही तुमचा तोल बघा, मी माझा बघते, तेव्हाच दोघं नीट खाली उतरू. बुद्ध तिची बाजू घेतात, पण तिथे थांबत नाहीत. स्वतःला सांभाळणारा दुसऱ्याला सांभाळतो, आणि क्षमा, अहिंसा, मैत्री यांनी दुसऱ्याला सांभाळणारा स्वतःलाही सांभाळतो, अशी दोन्ही टोकं बांधतात. तुमच्या झोपेचा हिशोब यात धरा.

इंदोरा_नागपूर

आणि दिराचा? संघाचा नियम वाचला ना सगळ्यांनी? उपाध्याय नाही तर आचार्य, आचार्य नाही तर शिष्य. तुमच्या घरात यादी एकाच नावाची का आहे? क्षांती (सोशिकपणा) म्हणजे गप्प बसणं असतं तर बुद्धाने सभा घेऊन नियम केला नसता, स्वतःच रोज येऊन धुऊन गेले असते.

कुंदकळी

काल रात्री कुटुंबाच्या ग्रुपवर टाकलं. महिन्यातले दोन रविवार दीर-जाऊ इथे येतील, दोन आम्ही. मावशींचा निम्मा पगार त्यांच्याकडून. हयातीचा दाखला, औषधं, डॉक्टरांच्या तारखा, कोणाकडे काय, सगळं लिहिलं. सिस्टरच्या पोस्टमधलं कातडीचं आणि भरवण्याचं तसंच्या तसं चिकटवलं, म्हणजे 'आम्हाला जमणार नाही' म्हणायला जागा नको. नवऱ्याने खाली अंगठा दिला.

दिराचं उत्तर आलं: "बघतो."

जरा_शंका_आहे

'बघतो' म्हणजे नाही. रविवारची तारीख विचारा.

सिस्टर_नाइट_ड्यूटी

आणि पहिल्या रविवारी तुम्ही घरात थांबू नका. थांबलात तर दोन तासांनी कूस तुम्हीच बदलाल.